जुनं जमा, मग नवं

सुभेदार नानासो खराडे यांनी पलटणीतून परतल्यावर दोनच माणसांवर डोळे झाकून विश्वास टाकला. एक त्यांचा पुतण्या ऋषिराज आणि दुसरा माधवनगर-तासगाव रस्त्यावरचा मेकॅनिक धनाजी बंडगर. दोघांतला एक चोर निघाला. सुभेदारांनी घराबाहेर काढला तो दुसरा.

चोर कोण, हे धनाजीला पहिल्यापासून माहीत होतं. कारण चोर तोच होता.

सुभेदारांची पांढरी पेट्रोल गाडी दोन हजार दहा सालची. पंधरा वर्षं भरली, आता पासिंग झालं तर आणखी पाच वर्षं चालणार, नाही तर भंगारात. गाडी नुसती हौसेची असती तर सुभेदारांनी हसत विकली असती. पण बनुबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिसला न्यावं लागे. सुभेदारांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून गाडी ऋषिराज चालवायचा. मूलबाळ नसलेल्या त्या घरानं आईबापाविना राहिलेलं हे पोर सहा वर्षांचं असल्यापासून वाढवलं होतं. ऋषिराजनं गाडी तपासणीला नेली आणि ती धुरात नापास झाली.

धनाजीनं गाडी रॅम्पवर घेतली, खालून बॅटरी मारली आणि म्हणाला, "कॅटकॉन गेलाय, सुभेदार."

इंजिनाच्या पुढे सायलेन्सरच्या नळीत पत्र्याचा एक डबा असतो. आत बारीक छिद्रांची जाळी, तिच्यावर महागड्या धातूंचा मुलामा. धूर त्या जाळीतून गेला की त्यातलं विष बरंचसं मरतं. हा डबा म्हणजे कॅटकॉन. कंपनीनं ते मॉडेलच बंद केलेलं, त्यामुळं कंपनीचा डबा मागवायचा तर गाडीच्या किमतीएवढा पडणार. धनाजीनं बाहेरच्या बनावटीचे दोन डबे बाकावर मांडले.

"ह्यो हलका बघा. कुटल्याबी गाडीला बसतोय. मुलामा नावाला. पासिंगपुरता चालंल, सा म्हैन्यात बोंबलंल. आन ह्यो दुसरा खास तुमच्याच इंजिनासाठी केलेला. वर नंबर ठोकलाय, सेन्सरचं भोक जागच्या जागी हाय, गॅरंटी हाय."

"तूच ठरीव," सुभेदार म्हणाले. "मला दिसतंय कुटं. पर जुना माझ्या हातात दे. जुनं जमा, मग नवं."

हा त्यांचा नियम. अठ्ठावीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काढलेली. तिथं मोडका बोल्ट खिडकीवर ठेवल्याशिवाय नवा बोल्ट मिळत नसे. घरी आल्यावर त्यांनी तोच कायदा बनुबाईंना लावला. नवी केरसुणी हवी तर जुनीचा बुडखा दाखवावा लागे. अख्खं गाव त्यावर हसायचं आणि सुभेदारही हसायचे.

धनाजी हसला नाही. "कशाला ती घाण घरी नेताय? मी टाकतो की भंगारात."

"न्हाई. जमा म्हंजे जमा."

कटरनं डबा कापताना धनाजीला पत्र्यावर वेल्डिंगची जुनी रेघ दिसली. रेघेच्या शेवटी दोन टिपके. वेल्डिंग संपलं की दोन टिपके द्यायचे, ही सवय त्याला त्याच्या वस्तादानं लावली होती. हाताला इतकी बसलेली की चोरी करतानासुद्धा सुटली नाही.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. सुभेदार पुण्याला लष्करी दवाखान्यात, हृदयाचं ऑपरेशन. ऋषिराजनं क्लचच्या कामाला गाडी चार दिवस गॅरेजमध्ये सोडली. त्या दिवसांत एक व्यापारी गॅरेज-गॅरेज फिरून डब्यातली जाळी विकत घेत होता, आणि भाव असा देत होता की चांगल्या चांगल्यांची नियत फिरली. धनाजीनं डबा कापला, जाळी काढली, रिकामा डबा परत जोडला. त्या पैशातून फ्रीज घेतला. धुराचं सर्टिफिकेट दर वर्षी ओळखीनं तोच आणून द्यायचा, त्यामुळं बोभाटा झाला नाही. फ्रीज अजून चांगला चालतो.

सुभेदारांनी डबा हातात तोलला. मग बंदुकीची नळी तपासतात तसा उन्हाकडं धरून एक डोळा लावला. मोतीबिंदूतूनही त्यांना पलीकडचा उजेड दिसला.

"आत जाळी कुटाय रं?"

"जळली आसंल," धनाजी म्हणाला.

"जळली आसती तर गाळ ऱ्हायला आसता. मला शिकवू नगं. ही कुनीतरी काडलीया." त्यांनी डबा डोळ्यावरून खाली घेतला. "कुनी काडली?"

गाडी घेऊन आलेला ऋषिराज तिथंच रॅम्पला टेकून उभा होता. खरं सांगायला एवढी एकच वेळ होती, आणि ती धनाजीला कळतही होती. पण सुभेदारांच्या शब्दावर तालुक्यातल्या निम्म्या माजी सैनिकांच्या गाड्या त्याच्याकडं येत. तो म्हणाला, "मला काय म्हाईत? तुमी पुण्याला दवाखान्यात हुता, त्या साली गाडी सगळी ऋषिराजकडंच हुती न्हवं?"

वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. असं वाक्य जुळवायला अक्कल लागते आणि ती धनाजीकडं होती.

"धनाजीदा," ऋषिराज म्हणाला, "तवा चार दिस गाडी तुमच्याकडं हुती की."

"त्याच्याकडं बोट दावू नगंस," सुभेदार गरजले. "ह्या मानसानं मला एक नट जास्तीचा लावला न्हाई कवा. मी तिकडं मराय टेकलो हुतो आन तू हितं माझी गाडी इकून खात हुतास व्हय?"

ऋषिराजनं धनाजीकडं पाहिलं. धनाजी खाली वाकून पाना शोधू लागला. पाना त्याच्या खिशातच होता.

मग त्यानं तो खास इंजिनासाठीचा डबा बसवला. प्लग बदलले, इंजिन तेल जाळतंय का ते पाहिलं, कारण तसं असेल तर नवा डबाही मरतो. मजुरी घेतली नाही. एवढं मन लावून त्यानं उभ्या जन्मात काम केलं नव्हतं, आणि तरी त्याला स्वतःची किळस येत होती. गाडी पहिल्या झटक्यात पास झाली. सुभेदारांनी गावभर धनाजीचं नाव केलं.

सुभेदारांनी घर सोडायला सांगितलेला ऋषिराज आठ दिवसांत एक बॅग घेऊन लोणंदला एका कंपनीत लागला. सुभेदारांनी रिकामा डबा दारातल्या सोप्यात खिळ्याला टांगला आणि आल्यागेल्याला दाखवू लागले. पाच वर्षांचं पासिंग झालेली गाडी शेडमध्ये उभी राहिली, कारण ती चालवायला घरात कुणी नव्हतं. बनुबाई एसटीनं मिरजेला जाऊ लागल्या.

एकदा त्या धनाजीला थांब्यावर दिसल्या. हाताला पट्टी, काखेत पिशवी. त्याच म्हणाल्या, "धनाजी, तुझं त्ये आयकत्यात. समजाव की त्यास्नी. पोरगं तसलं न्हाई रं."

"सांगतो, काकू," धनाजी म्हणाला.

सांगितलं नाही. रोज सकाळी शटर उघडताना ठरवायचा आणि दुपारपर्यंत गिऱ्हाइकं आली की बरं वाटायचं.

दिवाळी झाली. सुभेदारांनी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली. पौषात एका सकाळी पांढरी गाडी गॅरेजसमोर हळूच येऊन थांबली. सुभेदार स्वतः चालवत आले होते. बनुबाई उतरून बाकावर बसल्या.

"रॅम्पवर घे," सुभेदार म्हणाले.

धनाजीनं घेतली. सुभेदारांनी त्याच्या हातातली बॅटरी काढून घेतली, खाली गेले आणि नव्या जोडावर उजेड टाकला. मग पिशवीतून जुना डबा काढून त्याच्याशेजारी धरला. इथं दोन टिपके, तिथं दोन टिपके.

धनाजी म्हणाला, "चुकलं, सुभेदार."

"नजर आली आन पयल्यांदा सोप्यातला डबाच दिसला. रोज बघत हुतो, काय दिसत नव्हतं." सुभेदारांचा आवाज चढला नाही. "वेल्डिंग बघून मानूस वळखायचं काम मी अठ्ठावीस वर्सं केलंय."

"मी जातो लोणंदला. ऋषिराजच्या पाया पडतो. समदं सांगतो त्येला."

"त्येला काय सांगनार तू? त्येला पयल्यापासनं म्हाईत हाय." सुभेदारांनी बॅटरी विझवली. "आट दिस फोन केला, काल उचलला. म्हनला, 'नाना, त्यानं जाळी चोरली, त्येचं मला काय न्हाई. मी तिथंच सांगितलं हुतं, तुमी आयकून घेतलं न्हाई. आता मी येत न्हाई.' त्यो तुझ्यावर रागावलेला न्हाई, धनाजी. माझ्यावर रागावलाय."

धनाजीला वाटलं, यांनी दोन थोबाडीत द्याव्यात. सुभेदारांनी गाडी खाली घ्यायला लावली आणि रिकामा डबा बाकावर ठेवला, पूर्वी वर्कशॉपच्या खिडकीवर मोडका बोल्ट ठेवत असतील तसा.

"घे. जुनं जमा करून घे."

नियमाचा पुढचा अर्धा भाग ते बोलले नाहीत. मग त्यांनी बनुबाईंना हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं. बनुबाईंनी धनाजीकडं पाहिलं नाही. एक्काहत्तर वर्षांचा तो माणूस दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, ट्रॅक्टरच्या मागं मागं, मिरजेच्या रस्त्याला लागला.