पौषातली छाटणी

जिवाने कोयत्याचं पातं अंगठ्यावर फिरवून पाहिलं आणि कोयता पुन्हा कमरेच्या लाकडी आकडीत अडकवला. सकाळपासूनची ही तिसरी वेळ. समोर धुक्यात मोगऱ्याची झुडपं उभी होती, त्याच्या छातीपर्यंत वाढलेली. दर वर्षी पौषाच्या या दिवसांत ती गुडघ्याएवढी असायची. यंदा त्यांना छाटणारी त्याची बायको रुपी नव्हती. आश्विनात ती गेली, आणि तेव्हापासून झाडांना कुणी हात लावला नव्हता.

शेजारची सोमी डोक्यावर ऐनाच्या टहाळाचा भारा घेऊन बांधावरून चालली होती. भाताचं रोप टाकायच्या आधी राबाची जमीन भाजायला टहाळ लागतो. खोडाळ्याकडच्या सगळ्या पाड्यांवर सध्या हेच काम होतं.

"जिवादादा, मोगरा राबात जाळायला वाढवतोस काय?"

"तुझ्या भाऱ्याला कमी पडला तर ये मागायला."

सोमी हसली आणि पुढे गेली. धुक्यात ती आधी दिसेनाशी झाली. भारा मात्र अजून थोडा वेळ आपला आपणच चालत होता. जिवा तो जाईपर्यंत बघत राहिला. हल्ली त्याचं असंच व्हायचं. एखाद्या गोष्टीकडे बघायला लागला की किती वेळ गेला ते कळायचं नाही.

ओट्यावर त्याची लेक जयश्री पुस्तक घेऊन बसली होती. ती साखरशेतला दिली होती, परवाच आली होती. मोगऱ्याची रोपं वाटली त्या वर्षी जव्हारच्या शिबिरात हे पुस्तक मिळालं होतं. झाडं कधी छाटावीत याबद्दल जुन्या जुन्या बागवाल्यांनी काय लिहून ठेवलंय, ते कुणीतरी त्यात गोळा केलं होतं. रुपीला वाचता येत नव्हतं. जयश्री शाळेत होती तोवर रुपी तिच्याकडून ते वाचून घ्यायची. लिहिणाऱ्यांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. ती त्यांना म्हातारे म्हणायची.

"बा, वाचू?"

"मला पाठ हाये."

तरी तिने वाचलं. एक म्हातारा लिहीत होता, थंडीत झाड झोपलेलं असतं, तेव्हा कापा, त्याला कळत नाही. दुसरा लिहीत होता, फुलं सरली की लगेच कापा, थांबू नका. तिसरा म्हणत होता, महिना कुणाला विचारू नका, हत्याराला धार असेल आणि मन जागेवर असेल तो दिवस धरा.

"आय म्हणायची, हे तिघं एका घरात राह्यले तर रोज डोकी फोडतील."

"एका गोष्टीवर नाय फोडणार."

"कोणत्या?"

"पावसात कापायचं नाय."

ते तिघांनीही लिहिलं होतं. कापलेल्या तोंडातून पाणी आत जातं आणि फांदी कुजते. रुपी हे देवाचं सांगणं असल्यासारखं पाळायची. एका पावसाळ्यात जिवाने मोडकी फांदी उगाच तोडली, तर संध्याकाळपर्यंत ती त्याच्याशी बोलली नव्हती.

जयश्रीने पुस्तक मिटलं. "चार दिवसांनी माघ लागंल, बा. मग कापून काय उपयोग? यंदाचं फूल गेलं. झाडं अशीच जून झाली तर पुढलंही गेलं. आयनं एवढी वर्षं जपली ती."

"तीच बोलली होती, पौषात मीच छाटणार, तू हात लावू नको."

"कधी बोलली?"

"नाशिकवरनं येताना."

श्रावणात तो तिला नाशिकला दाखवायला घेऊन गेला होता. डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं आणि दिवाळी निघणं कठीण आहे म्हणून सांगितलं. बाहेर बाकावर रुपी पाय हलवत बसली होती. तो म्हणाला, पाण्याची गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल. ती बरं म्हणाली. घाटात एसटी हळू झाली, खिडकीतून ढग आत आले, आणि तेव्हा ती छाटणीचं बोलली. तिला पौषाची वाट बघताना पाहून त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. आता कोयता हातात घेतला की त्याला तो ढग दिसायचा, आणि त्यात ती, फसवलेली.

"तिला कळलं होतं का, बा? आपण जाणार ते?"

"नाय. मी कळूच दिलं नाय."

जयश्री उठली. विळा घेऊन ती खालच्या अंगाला गेली. तिथे पावसाळ्यातलं गवत वाळून उभं होतं, कमरेएवढं, आणि मोगऱ्याची शेवटची ओळ त्यात बुडाली होती. विळ्याचा आवाज येत राहिला. मग थांबला.

"बा, इकडली शेळ्यांनी खाल्लीत!"

जिवा खाली गेला. गवत कापलेल्या जागी नऊ झुडपं होती, सगळी गुडघ्याएवढी. तो उकिडवा बसला. शेळी फांदी ओरबाडते. ही कोयत्याने कापली होती, फूट येते त्या डोळ्याच्या वर बोटभर, तिरकी. रुपीशिवाय पाड्यात एवढं बारीक कुणीच कापत नसे.

जन्मभर त्याने राबासाठी ऐन तोडला होता. कोणता घाव कोणत्या महिन्यातला, ते तो हात लावून सांगायचा. या घावांची तोंडं काळी पडली होती. पाणी आत गेलं होतं. दोन झुडपं मुळापर्यंत कुजली होती. बाकीच्या सातांना वीतभर फुटवा आला होता आणि थंडी लागून तो तिथेच थांबला होता.

"कधीची हायेत ही?"

"भादव्यातली."

"भादव्यात तर धो धो होता. आय पावसात कशाला कापंल?"

जिवाने एका काळ्या तोंडावर अंगठा टेकवला. भाद्रपदात तो दिवसभर वर नागलीच्या शेतात असायचा. रुपी घरी, घोंगडीत. ओट्यावरून उतरायलाही तिला भिंत धरावी लागायची. संध्याकाळी तो तिचे पाय पुसायचा, तर बोटांच्या बेचक्यांत चिखल असायचा. कुठे गेली होतीस म्हटलं, तर म्हणायची, अंगणात. नऊ दिवस ती इथे उतरली असेल. दिवसाला एक झुडूप. त्यापुढे जमलं नसेल.

धुकं आता झाडांवरून उठत होतं. वरच्या ओळी एकेक करून दिसायला लागल्या.

"जयश्री," तो म्हणाला. "मघाशी मी बोललो ते खरं नाय."

"काय?"

"तिला ठाऊक होतं, पौष दिसायचा नाय ते."

जयश्रीने विळा गवतावर ठेवला. ती त्याच्या शेजारी बसली. मग जिवा उठला. चढावरच्या पहिल्या झुडपापाशी जाऊन तो गुडघे टेकून बसला आणि एक फांदी डाव्या हातात धरली.

"ये इकडं. मला राबाचं तोडणं येतं, हे नाय येत. कुठं कापू ते दाखव."

जयश्री आली. तिने फांदीवर बोट ठेवलं. जिवाने कोयता टेकवला.

"इथं?"

"अजून खाली, बा."