चहाचा मेल

टेबलाखाली गुडघे टेकून त्याने कॉम्प्युटरची मागची वायर काढली, मनात दहा आकडे मोजले आणि ती पुन्हा खोचली.

"अर्धं प्रकरण तपासून झालं होतं," मुद्रितशोधक बाई वरून म्हणाल्या. "न सांगता न सवरता बंद पडलं. घर माझं आणि उंबऱ्याबाहेर मलाच उभं करते तुमची ही नवी सिस्टीम."

"अपडेट होतं, बाई. ते घ्यावंच लागतं. फाईल कुठे जात नाही."

फाईल मिळाली. बाई पुन्हा कामाला लागल्या, आणि तो गुडघे झटकत तळमजल्यावरच्या आपल्या खोलीत परतला.

पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या त्या कंपनीत सगळे त्याला कुलूपवाले म्हणत. तोंडावर नव्हे; पण भिंतींना कान असतात, आणि कॉम्प्युटरची सुरक्षा सांभाळणाऱ्याला ते जरा जास्तच असतात. तीन वर्षांत त्याने पेनड्राइव्ह बंद केले, दर दीड महिन्याला पासवर्ड बदलायला लावले, आणि पाच मिनिटं हात हलला नाही की पडदा कुलूपबंद होईल अशी सोय केली. 'जरा विचार करत बसलं की हा मला मेलेलाच समजतो,' असं पुस्तकांचा चित्रकार एकदा म्हणाला होता. विनोद चांगला होता, पण तो त्याला जिन्यात चोरून ऐकावा लागला. तो येण्याआधी कुणीतरी एका खोट्या मेलवर क्लिक केलं होतं आणि अख्ख्या वर्षाची पुस्तकं अडकली होती. त्यामुळे त्याचं काही चुकत नव्हतं. न चुकणाऱ्या माणसाशेजारी जेवायला मात्र कुणी बसत नाही.

महिन्यातून एकदा तो स्वतःच खोटा मेल पाठवून सगळ्यांची परीक्षा घेई. जो फसेल त्याचा कॉम्प्युटर जागच्या जागी अडे आणि चाळीस मिनिटांचा धडा पाहिल्याशिवाय सुटत नसे. धड्यात आवाज त्याचाच होता. अनोळखी पत्ता, घाई आणि गोड बातमी, ही तिन्ही एकत्र दिसली की हात मागे घ्या.

आज त्याचा इथला शेवटचा दिवस होता. उद्यापासून दुसऱ्या गावातली शाखा. कुणी विषयही काढला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा खोलीतच उघडला आणि दार उगाच अर्धवट उघडं ठेवलं.

साडेतीनला त्याच्या पडद्यावर तांबडी ओळ चमकली. बाहेरच्या पत्त्यावरून एकच मेल, साठ जणांना. 'कुलूपवाल्यांचा आज शेवटचा दिवस. चार वाजता वरच्या मजल्यावर चहा आणि केक. त्यांना कळू देऊ नका. येणार असाल तर खाली क्लिक करा, लगेच.'

त्याने तो दोनदा वाचला. छातीत काहीतरी हललं, आणि त्यानेच तो सावध झाला. भामट्यांना हेच तर हवं असतं. टोपणनावसुद्धा हुडकून काढलं होतं लेकाच्यांनी. अनोळखी पत्ता होता, घाई होती. आणि आपल्याला चहाला बोलावणार कोण? या प्रश्नानंतर तर मेल खोटा असल्याबद्दल शंकाच उरली नाही.

साठही जणांच्या खात्यांतून त्याने मेल उपसून काढला. तोवर तेवीस जणांनी क्लिक केलं होतं. तेवीसांना धडा लावला, सगळ्यांना 'चहाचा मेल खोटा आहे' अशी सूचना पाठवली आणि शेवटच्या अहवालात फसलेल्यांची नावं लिहिली. इतके जण एकदम कधीच फसले नव्हते. तीन वर्षांचं शिकवणं पालथ्या घड्यावर पाणी ठरलं, याचं त्याला खरोखर वाईट वाटलं.

चारच्या ठोक्याला बाईंचा फोन आला.

"जरा वरच्या मजल्यावर या. इथलंही एक अडकलंय."

वर कॉम्प्युटर नव्हताच. लांब टेबलावर न कापलेला केक, कागदी कपांची रांग, आणि खुर्चीत बाई एकट्या.

"सगळ्यांना नेमकं आजच काम निघालं हो," त्या चटकन उठत म्हणाल्या. "मनावर घेऊ नका. आपण दोघं पिऊ."

तो कपांकडे पाहत राहिला.

"मेल तुम्ही पाठवला होता?"

"मग काय. फोनवरून, माझ्या घरच्या पत्त्यावरून. ऑफिसच्या मेलमधून ते 'येतो'चं बटण जात नाही, तुम्हीच बंद केलंय. नंतर केक आणायला पळाले, किती जण हो म्हणाले ते बघायलाही झालं नाही."

त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

"तेवीस," तो म्हणाला. "तेवीस जण येणार होते, बाई. मीच अडवलं त्यांना. मेल खोटा म्हणून सांगितलं."

बाई रागावल्या नाहीत.

"मग बसलात काय?" त्या म्हणाल्या. "जा, घेऊन या त्यांना."

तो दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेला. इतकं धावत जाऊन कुणाला काही सांगावं, अशी वेळ त्याच्यावर या इमारतीत आली नव्हती. पहिल्याच टेबलाशी चित्रकार हनुवटीला हात लावून बसला होता. समोर धडा चालू होता, त्यातून कुलूपवाल्याचाच आवाज येत होता.

"तो मेल खरा होता," तो धापा टाकत म्हणाला. "वर चहा आहे. माझ्यासाठीच ठेवलाय. चला ना."

चित्रकाराने त्याच्याकडे पाहिलं, मग शेजारणीकडे. शेजारणीने मान अगदी हळू, नाही अशी हलवली.

"नाही साहेब," चित्रकार समजूतदारपणे हसला. "या वेळी नाही फसणार."