एक स्पेस जास्त

शुक्रवारी सकाळी साडेआठला मी रिपोर्टचं रिफ्रेश बटण दाबलं आणि सवयीने चहाला उठलो. कप भरायच्या आत आकडे स्क्रीनवर हजर. पंचावन्न सेकंद! रोज एकेचाळीस मिनिटं लागायची. आनंद व्हायला हवा होता, पण मला घाम फुटला.

आमची कंपनी दवाखान्यांना बँडेज, सलाईन, सुया पुरवते. कुठल्या शाखेत काय संपत आलंय ते माझा रिपोर्ट सांगतो आणि त्यावरून दहाला गाड्या भरतात. रिपोर्ट रखडला की गाड्या अंदाजाने निघतात आणि सुया हव्या तिथे बँडेजचे खोके जाऊन पडतात. तीन महिन्यांपूर्वी मॅनेजर मॅडमनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "एवढा वेळ का लागतो रे?" मी ठोकून दिलं, "गोडाऊनच्या नोंदी खराब आहेत. नावांपुढे जास्तीच्या स्पेस, आणि शुद्धलेखन तर विचारूच नका." लोक हसले. मला चेव आला, म्हणून तेच मेलने सगळ्यांना कळवलं.

गोडाऊनच्या नोंदी काकू करतात. सगळं ऑफिस त्यांना काकूच म्हणतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, गुडघ्यांनी कधीच संप पुकारलाय. जास्तीच्या स्पेस होत्या, ते खोटं नव्हतं. पण स्पेसमुळे नावं जुळत नाहीत, रिपोर्टचा वेग काही कमी होत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

खरी गोम गुरुवारी दुपारी सापडली. तीन वर्षांपूर्वी मीच घाईघाईत, रिपोर्टसाठी नोंदी गोळा करणाऱ्या क्वेरीत एक पायरी घुसवली होती आणि तिला नाव दिलं होतं 'तात्पुरतं'. ती आधी सात वर्षांच्या सगळ्या नोंदी ओढून आणायची, मग त्यातून गेला आठवडा वेगळा काढायची. मूठभर धान्यासाठी रोज अख्खं पोतं निवडत बसायचं, त्यातला प्रकार. आठवडा निवडायची पायरी सगळ्यात वर नेली, 'तात्पुरतं' उडवलं. दहा मिनिटांचं काम. आणि बुधवारीच ठरलं होतं की नोंदी खराब म्हणून सोमवारपासून काकू पॅकिंगला. आठ तास उभं राहायचं काम.

नऊच्या मीटिंगमध्ये मॅडमनी पाठ थोपटली. "काय जादू केलीस?"

"थोड्या टेक्निकल सुधारणा," मी म्हणालो आणि पुढचं गिळून टाकलं. टाळ्या पडल्या. त्या ऐकायला गोड वाटल्या, त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

खाली गोडाऊनमध्ये गेलो तर काकू फोनवर लेकीशी बोलत होत्या. "अगं, पंचावन्न सेकंद! एकेक ओळ तपासली होती मी. बघ, आलं की नाही वळणावर?" टेबलावर त्यांची वही उघडी होती. रोजची तारीख आणि पुढे रिपोर्टला लागलेली, त्याच्या तळाशी दिसणारी मिनिटं. एकेचाळीस, चाळीस, एकेचाळीस. तीन महिने त्या सातला येऊन नोंदी साफ करत होत्या आणि माझ्याच रिपोर्टची नाडी बघत होत्या.

"आता नाही ना हलवणार मला?" फोन ठेवून त्यांनी विचारलं.

त्या क्षणी 'नाही हलवणार' म्हणणं किती सोपं होतं! मान खाली घालून मी म्हणालो, "काकू, उशीर तुमच्या नोंदींमुळे नव्हताच. चूक माझी होती. पहिल्यापासून माझीच."

त्यांनी वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवलं. "मग मी सातला यायचे ते?"

मी वही मिटायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"वर सांगितलंस?"

"नाही."

त्या खुर्चीवरून उठल्या. "बस इथे. त्या दिवशी ज्यांना ज्यांना मेल केला होतास, त्या सगळ्यांना लिही. माझ्यासमोर."

"तुम्ही बसा ना, काकू. गुडघा..."

"सोमवारपासून उभंच राहायचंय. होऊ दे सवय."

मी त्यांच्या खुर्चीत बसलो. खुर्ची अजून उबदार होती. मी टाइप केलं: 'काकूंच्या नोंदींवर मी खापर फोडलं. ते खोटं होतं. दोष माझ्या क्वेरीत होता. त्यांना त्यांच्या जागेवरून हलवू नये.' चार वाक्यांना मला पंधरा मिनिटं लागली. काकू टेबलाचा कोपरा धरून उभ्या होत्या.

पाठवायला बोट नेलं, तशा म्हणाल्या, "थांब." चष्मा नाकावर सरकवत त्या वाकल्या आणि स्क्रीनवर 'खोटं'च्या मागे बोट ठेवलं.

"इथे एक स्पेस जास्त पडलीय. काढ ती, मग पाठव."