दुसरं काही घेता का?

रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे बसून बाई अठरा वर्षं एकच प्रश्न विचारत आल्या होत्या: "याशिवाय दुसरं काही घेता का?" उत्तरही अठरा वर्षं एकच: "नाही." जरा खोदलं की पिशवीतून काढे, मुळ्या, चूर्णं बाहेर पडत. वर ऐकायला मिळे, "हे औषध थोडंच आहे? झाडपाला आहे हा." झाडपाला पचवायला शरीरात वेगळं यकृत नसतं, हे सांगून बाईंचा घसा बसला होता. गोळ्यांबरोबर काय घेऊ नये याचा एक फलक त्यांनी खिडकीवर लावला होता. लोक त्याच्या खिळ्याला छत्र्या अडकवत.

त्यामुळे नवऱ्याचा रिपोर्ट पाहून त्यांचं डोकंच फिरलं. यकृतात विषाणू, त्यावर बारा आठवड्यांच्या गोळ्या. आठ आठवडे संपले होते आणि खाली गेलेला विषाणूंचा आकडा पुन्हा वर आला होता. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चुकत असतील, नाहीतर विषाणू औषधाला सरावलाय. सरावला असेल तर पुढे अवघड आहे. काय ते उद्यापर्यंत शोधा."

घरी उलटतपासणी सुरू झाली.

"गोळी चुकवलीत?"

"तू रोज समोर उभी राहून गिळायला लावतेस. वर जीभ उचलून बघतेस."

"मग काढा? चूर्ण? दुसरं काही घेता का?"

"नाही गं. तुझ्या धाकानं खोकल्याची गोळीसुद्धा चघळत नाही मी."

हे 'नाही' बाईंच्या चांगलंच ओळखीचं होतं. त्यांनी कपाट पालथं घातलं, बॅग झटकली, बुटांची खोकी उघडली. जोडीदार हरवलेले सात मोजे निघाले. शेवटी त्यांनी संशयाच्या यादीत पहिल्या असलेल्या वन्संना फोन लावला.

"वन्सं, ह्यांना परस्पर काही देता का तुम्ही?"

"तुझ्या घरात? मी तिथला चमचा तरी हलवते का? चहाचा डबा दिला तो तुझ्याच हातात दिला. तूच म्हणालीस ना, हल्ली उदास असतात म्हणून. पिवळ्या फुलांचा आहे. मन ताळ्यावर राहतं."

डबा ओट्यावर साखरेशेजारीच होता. महिन्यापूर्वी आला तेव्हा, नणंदेशी आणखी एक वाद नको, म्हणून बाईंनी तोंडदेखलं 'बरं' म्हटलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी त्या स्वतःच या चहानं नवऱ्याचा थर्मास भरून देत होत्या. जगातल्या प्रत्येक खोक्यावरचा बारीक मजकूर वाचणाऱ्या बाईंनी हा डबा आज पहिल्यांदा उलटा केला. मागे वनस्पतीचं नाव होतं. ती पोटात गेली की शरीर विषाणूवरची गोळी काम होण्याआधीच बाहेर काढतं. बाईंच्या फलकावर पहिल्या ओळीत हीच वनस्पती होती.

"सापडलं?" नवऱ्यानं विचारलं.

"हा चहा."

"तो होय? तू देतेस म्हणून पितो. चव भयंकर आहे. मला वाटलं, उपचारातलाच असेल."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चहा बंद केला आणि विषाणू सरावलाय का ते पाहायला पुन्हा रक्त घेतलं. निकाल दोन आठवड्यांनी येणार होता. "हे कोण देत होतं?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"बायको," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी ते तसंच लिहून घेतलं.

खिडकीवर रांग लागली होती. पहिल्या गृहस्थांनी फलकाच्या खिळ्याला छत्री अडकवली आणि चिठ्ठी सरकवली.

"याशिवाय दुसरं काही घेता का?"

"नाही."

बाईंनी गोळ्या हातातच धरून ठेवल्या. "घरी चहा कोण करतं?"