ताईच्या ग्लासातलं पाणी

चष्मेवाल्यापुढे पोकरमध्ये पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा ढीग लागला होता आणि त्याला धड बसवत नव्हतं. सकाळपासून चांगली पानं त्याच्याकडे अशी येत होती, की कोणीतरी शेजाऱ्याचं टपाल चुकून आपल्या दारात टाकतंय असं त्याला वाटत होतं. चष्म्याची काच घासताना न थरथरणारे त्याचे हात आता चकत्या रचत होते, मोडत होते, पुन्हा रचत होते. टेबलाखाली डावा गुडघा शिवणयंत्रासारखा चालू होता.

पोहण्याच्या तलावावरचं ते सभागृह. टेबल-टेनिसची टेबलं भिंतीशी सरकवलेली, खालून क्लोरिनचा वास आणि प्रशिक्षकाची शिट्टी. पोकरच्या स्पर्धेत आता एकच टेबल उरलं होतं आणि त्याभोवती नऊ माणसं. आठजण पुढच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होते. नववा हात हलवत घरी.

"अशा वेळी ज्याच्याकडे ढीग, त्याचं राज्य," ताईने त्याला पढवून ठेवलं होतं. "बाकीचे जीव मुठीत धरून बसलेले असतात. तू कशावरही बोली वाढव. त्यांना तुझ्या पत्त्यांची भीती नसते रे, घरी जायची असते."

आणि खरंच तसं होत होतं. हातात भिकार पानं असली तरी तो मूठभर चकत्या पुढे सरकवायचा आणि एकेकजण निमूटपणे डाव सोडायचा.

"अहो चष्मेवाले," समोरचा विमेवाला वैतागला, "दुकानात 'हे अक्षर दिसतंय का हो' असं घाबरत घाबरत विचारता, आणि इथे आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटताय?"

टेबल हसलं. चष्मेवाला ओशाळला, पण पुढच्या डावाला त्याने पुन्हा बोली वाढवली.

अडचण एकच होती. त्याच्या डाव्या हाताला, अगदी लगतच्या खुर्चीवर, ताई बसली होती.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. मोटार चालवायला शिकवण्याचा तिचा व्यवसाय. चष्मेवाल्याला गाडी तिनेच शिकवली आणि पत्तेही तिनेच. मोठ्या स्पर्धेच्या उंबरठ्यावर ती याआधीही पोचली होती आणि प्रत्येक वेळी नेमकी तिथेच ठेचाळली होती. आताही तिच्यापुढे जेमतेम चकत्या उरल्या होत्या, विमेवाल्याइतक्याच. दोघांपैकी कोण आधी बाहेर जातो एवढाच प्रश्न होता.

पत्ते वाटायच्या आधी दोघांना सक्तीची बोली टाकावी लागे, एकाला लहान, पुढच्याला मोठी. पाळी फिरत फिरत येई. चष्मेवाल्याची लहान असली की मोठी ताईची. बाकीच्यांनी डाव सोडला की समोरासमोर भाऊ-बहीण दोघंच. अशा वेळी ढीगवाल्याने समोरच्याला दाबायचं, हे त्याला कळत होतं. पण दर वेळी तो न बघितल्यासारखं करून पानं टाकून द्यायचा, आणि त्याची बोली ताईकडे जायची.

तिसऱ्यांदा तेच झालं. पण टाकताना दोन्ही पानं बोटांतून निसटून हिरव्या कापडावर उताणी पडली.

दोन राण्या.

विमेवाला खुर्ची मागे सारून उठलाच. "वा! दोन राण्या फेकल्या? माझ्यावर तर तिर्रीवर चढून येता! पंच, हे भाऊ-बहिणीचं साटंलोटं चाललंय!"

पंच आल्या. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी पानांकडे पाहिलं, मग दोघांकडे. "एकमेकांना सांभाळून खेळायला बंदी आहे. पुन्हा असं दिसलं तर दोघांनाही उठवेन. आता थोडी विश्रांती घ्या सगळ्यांनी."

ताईने त्याला पाण्याच्या यंत्रापाशी गाठलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी काय तुझी शिकाऊ उमेदवार आहे?" ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या बाजूला बसून ब्रेक दाबतोयस?"

"अगं, या खेपेला तरी तू—"

"या खेपेला तरी मी काय? तू फेकलेल्या चकत्यांवर जाऊ? आणि तिथे जाऊन कोणाला तोंड दाखवू?" तिने ग्लास भरला. "आणि पानं उलटली नसती तरी मला कळलंच होतं. तुझा गुडघा थांबला होता."

"म्हणजे?"

"लहानपणापासून तसंच आहे तुझं. पानं चांगली आली की गुडघा गप्प. बाकी वेळ टेबल हलतं, माझ्या ग्लासातलं पाणी हलतं. धर त्याला. आणि माझ्यावर चाल करून ये. मला सूट दिलीस, तर पुन्हा माझ्याशी बोलू नकोस."

विश्रांतीनंतर डाव फिरत फिरत पुन्हा तिथेच आला. एकामागून एक सगळ्यांनी पानं टाकली. उरले दोघं. चष्मेवाल्याने पानांचा कोपरा उचलला. सत्ती आणि तिर्री. याहून रद्दी काय असणार! पण चाल तीच होती, पानं कशीही असोत. तिच्याकडे फारच भारी काही असल्याशिवाय ती धजावणार नाही, हे गणित तिनेच शिकवलेलं.

"तुझ्यापुढचं सगळं," तो म्हणाला, आणि तिच्याएवढाच गठ्ठा पुढे सरकवला. स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही.

ताई हलली नाही. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही; ती ग्लासाकडे बघत होती. चष्मेवाल्याने टेबलाखाली गुडघा दोन्ही हातांनी आवळून धरला, तळवा जमिनीत रुतवला, दात आवळले. तरी पाण्यावर बारीक वर्तुळं उठतच होती.

"आले," ताई म्हणाली आणि तिने आपल्या उरलेल्या सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या.

तिची पानं पडली: एक्का आणि दश्शी. त्याची सत्ती-तिर्री पाहून विमेवाल्याच्या तोंडून "अरे देवा" निघून गेलं.

टेबलाच्या मधली, दोघांनाही लागू असलेली पाच पानं एकेक करून उघडत गेली. पहिली चार कोणाच्याच कामाची नव्हती. चष्मेवाला मनात म्हणत होता, जिंक, ताई, जिंक. पाचवं पान पडलं. सत्ती. त्याची जोडी जमली, एक्क्याहून वरचढ.

सगळ्यात आधी विमेवाल्याने टाळी वाजवली आणि मग लाजून हात खाली घेतला. ताई उठली, पंचांशी हात मिळवला, ग्लासातलं पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि पर्स उचलली. उरलेले आठ एकमेकांच्या पाठी थोपटू लागले. चष्मेवाल्याची पाठही कोणीतरी थोपटली. त्याला ती दुसऱ्याच कोणाची तरी वाटली.

परतीला गाडी त्याने चालवली. ताईच्या शिकवणीचीच गाडी, शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक असलेली. बाहेर लख्ख ऊन होतं.

"एक विचारू?" ताई म्हणाली. "गुडघा मुद्दाम हलवलास? मला कळावं म्हणून?"

"नाही गं. दोन्ही हातांनी धरला होता. दुखतोय अजून."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग ठीक. मी बरोबर ओळखलं, तूही बरोबर खेळलास." मग थोड्या वेळाने, "मेली ती सत्ती."

चौकात तो थांबला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पुन्हा इकडे. रस्ता मोकळा होता. गुडघा पुन्हा चालू झाला होता.

ताईने दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली.

"जा ना," ती म्हणाली. "कोण येतंय?"