वेक्सकोम अजून मागेच

त्या वर्षी आमचा फुटबॉल क्लब, ब्रॅकनशॉ टाउन, लीगमधून खाली गेला तो माझ्यामुळे. मॅनेजरमुळे नाही, गोलकीपरच्या मोडलेल्या बोटामुळे नाही, आणि पंचामुळे तर नाहीच. मी, सिरिल ऑग्डन, बस डेपोतला निवृत्त मेकॅनिक, कालव्याकडचा स्टँड, चौथी रांग, खुर्ची नंबर त्रेचाळीस. ऐकायचं असेल तर नीट ऐका, मध्ये मध्ये 'जाऊ दे रे' म्हणू नका. जाऊ दे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

कालव्याकडचा स्टँड म्हणजे लाकडी पायऱ्यांवर बोल्टने बसवलेल्या लाकडी खुर्च्या आणि वर पत्र्याचं छप्पर. पुढ्यातच आमच्या संघाचा बाक, जिथे मॅनेजर आणि ट्रेनर बसतात. त्या पत्र्याखाली कुणाचाच रेडिओ लागत नाही, नुसती खरखर. लागतो तो फक्त त्रेचाळीस नंबरवर, आणि तोही एरियल शेजारच्या लोखंडी खांबाला टेकवली तर. हा शोध माझा, एकोणीस वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून बाकीच्या मैदानांवर काय चाललंय हे अख्खा स्टँड मला विचारतो. मागच्या रांगेतल्या स्टॅन पिकअपने माझं नाव रेडिओबुवा ठेवलं. स्टॅन कसाई आहे, त्याचा आवाज गिरणीच्या भोंग्यालाही ऐकू जाईल.

"काय रेडिओबुवा, काय म्हणतंय जग?"

"जग गेलं खड्ड्यात. रॉशफर्ड दोन-शून्य."

एवढंच आमचं बोलणं. पण माझं आठवड्याचं बोलणं तेवढंच असायचं हे स्टॅनला कुठे माहीत होतं! माझी बायको मार्जरी वारली त्याला सहा वर्षं झाली होती. पोरंबाळं नाहीत. सोमवार ते शुक्रवार बेकरीतली मुलगी मला 'अजून काही?' विचारायची आणि मी 'नको' म्हणायचो. घरी मी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोच ट्रान्झिस्टर स्वयंपाकघरात चालू ठेवायचो. समुद्रावरचं हवामान सांगा, कोबीवरच्या किडीबद्दल सांगा, काय वाट्टेल ते सांगा, पण कुणीतरी बोला. घर गप्प झालं की मला बसवत नाही. लाज कसली, आहे ते असं आहे.

माझ्या डाव्या हाताला, चव्वेचाळीस नंबरवर, एनिड क्लेग. हिला मी एनिडबाई म्हणतो आणि ती चिडते. थर्मासमधला चहा झाकणात ओतून अर्धा मला देते, पेपरमिंटची पुडी पुढे करते, आणि पेनल्टी असली की मैदानाकडे पाठ करून बसते. एकोणीस वर्षांत तिने एकही पेनल्टी पाहिलेली नाही. तिचा नवरा दहा वर्षांपूर्वी गेला, मुलगी तिकडे दक्षिणेला डेव्हनमध्ये असते.

त्या मोसमात पहिले सात सामने हरलो. आठवा बरोबरीत सुटला तेव्हा स्टॅन टोपी उडवून नाचला, आणि ती टोपी कालव्यात पडली. नोव्हेंबरात क्लबच्या अध्यक्षांनी पत्रक काढलं. चौथ्या डिव्हिजनमधून शेवटचा एक संघ लीगच्या बाहेर जातो. तो जर आपण असलो तर कालव्याकडचा स्टँड कायमचा बंद होईल, लाकूड कुजलंय, दुरुस्ती परवडणार नाही. प्रेक्षकांनी समोरच्या बाजूला जागा मिळेल तिथे बसावं.

"मी नाही येणार बुवा समोर," स्टॅन म्हणाला. "तिथे सगळे वकील बसतात. त्यापेक्षा दुकान उघडं ठेवेन."

"मला लेक कधीची बोलावतेय," एनिड म्हणाली. "स्टँड गेला तर जाईन म्हणते."

बाकीच्यांचा क्लब खाली जाणार होता. माझी तर माणसंच जाणार होती.

तेव्हापासून मी देव मानत नसूनही ब्रॅकनशॉसाठी हात जोडायला लागलो. डिसेंबरात मैदान गोठलं. जानेवारीत एक गोल, तोही समोरच्या संघाने स्वतःवरच केलेला. मार्चमध्ये कुठून अंगात आलं कुणास ठाऊक, चार सामने जिंकले. एप्रिल संपता संपता तळाला दोघेच उरले, आम्ही आणि वेक्सकोम. गुण सारखे. पण गोलांच्या हिशेबात ते पुढे, म्हणजे शेवट सारखाच झाला तर खाली आम्ही जाणार. आम्हाला त्यांच्यापेक्षा चांगला निकाल हवा होता, बस्स.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या शनिवारी एनिड म्हणाली, "सिरिल, तुझा रेडिओ बसक्या आवाजात बोलतोय. सेल बदल."

"बदलतो गं."

"बदलतो नाही. आत्ता जाताना घे."

घेतलेही. शपथेवर सांगतो, घेतले. पुडकं स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं, किटलीशेजारी. सामन्याच्या सकाळी घालू, तोवर जुने संपवू म्हटलं. आणि आठवडाभर जुन्यांवरच ते हवामान आणि ती कोबी ऐकत बसलो.

त्या शनिवारी मैदान इतकं भरलं की मला माझ्या खुर्चीपर्यंत पोचायला माफी मागत जावं लागलं. तीन वाजता दोन्हीकडचे सामने सुरू झाले. विसाव्या मिनिटाला आमच्यावर गोल झाला आणि स्टॅनने मॅनेजरच्या आईपासून सुरुवात केली. मध्यंतरापूर्वी आम्ही फेडला. एक-एक. मग साठाव्या मिनिटाला माझ्या कानात निवेदक ओरडला. वेक्सकोमवर गोल झाला होता.

मी उभा राहिलो. "वेक्सकोम मागे! एक-शून्य!"

काय सांगू तुम्हाला! स्टँड उसळला. एका बाईने माझ्या टकलाचा मुका घेतला, कोण होती देव जाणे. खालच्या बाकावरचा ट्रेनर लेन वळून माझ्याकडे बघायला लागला. आमची जुनी खूण होती. मी अंगठा खाली केला की दुसऱ्या मैदानावरचा दुश्मन मागे. मी अंगठा खाली केला, लेनने मॅनेजरच्या कानात सांगितलं, मॅनेजरने हात हलवले. म्हणजे आहे तेच धरून ठेवा, उगाच पुढे धावू नका.

त्यानंतर दर मिनिटाला मला विचारणा. पुढच्या रांगेतला म्हातारा, बाजूची दोन जोडपी, मागून स्टॅन.

"रेडिओबुवा, काय?"

"मागेच."

"साहेब, अजून मागेच ना?"

"मागेच हो, मागेच."

मला साहेब! आयुष्यात पहिल्यांदा.

सत्तराव्या मिनिटाच्या आसपास आवाज खोल गेला. मी रेडिओ कानात खुपसला. आणखी पाचेक मिनिटं निवेदक विहिरीच्या तळातून बोलत राहिला. मग बोलेनासा झाला. मी चकती फिरवली, सेल काढून पँटवर घासले, परत घातले. काही नाही. तेव्हा मला ते टेबलावरचं पुडकं डोळ्यांसमोर दिसलं.

तेवढ्यात स्टॅनचा हात खांद्यावर पडला. "काय बुवा?"

आता इथे थांबा. इथेच मला सांगता आलं असतं. सेल गेले, मला माहीत नाही. पाच शब्द. स्टॅनने शिव्या घातल्या असत्या, लेनने दुसरीकडे चौकशी केली असती, संपलं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते. सहा वर्षांत इतके डोळे माझ्याकडे एकदम वळले नव्हते. 'माहीत नाही' म्हटलं असतं तर ते सगळे दुसऱ्या कुणाकडे वळले असते.

"मागेच," मी म्हणालो.

मेलेला रेडिओ मी कानाला लावून बसलो. ऐंशीवं मिनिट, "मागेच." लेन वळला, मी अंगठा खाली केला. पंच्याऐंशी, "मागेच." आमच्या पोरांनी चेंडू समोरच्या कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी नेला आणि तिथेच पाय रोवून धरून ठेवला. आमचा स्टँड टाळ्या पिटत होता. पलीकडच्या उघड्या बाजूला, जिथे रेडिओ लागतात, तिथली माणसं उभी राहून दोन्ही हात हलवत होती, पुढे जा पुढे जा म्हणून घसा फोडत होती.

"बघा वकील कसे घाबरलेत!" स्टॅन हसत म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

शिट्टी वाजली. आमची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. पलीकडची माणसं मटकन खाली बसली. मग लाउडस्पीकरवर एक माणूस खाकरला आणि त्याने सांगितलं. वेक्सकोमने अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला बरोबरी साधली होती. बारा मिनिटं आम्हाला एकच गोल हवा होता, आणि आम्ही चेंडू कोपऱ्यात दाबून बसलो होतो.

मैदानात आमचा कप्तान गवतावर तोंड झाकून पडला होता. लेन वळला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्याला काही कळतच नव्हतं, म्हणून पाहिलं. मी रेडिओ कोटाच्या खिशात घातला.

मला वाटलं, आता हे मला कालव्यात फेकतील. फेकलं असतं तर बरं झालं असतं. पण स्टॅन गरजला, "या रेडिओवाल्या गाढवांनी घोळ घातला! बिचारा सिरिल ऐकलं ते सांगत होता!" आणि सगळ्यांनी मान डोलावली. कुणी माझ्या पाठीवर थोपटलं. सोमवारी पेपरातही तेच आलं, रेडिओवर चुकीची बातमी. स्टॅनने रेडिओ केंद्राला तीन पानी पत्र लिहिलं आणि मला पबमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. "सही कर," म्हणाला. मी केली. मूग गिळून मी त्या पत्रावर सही केली, एवढा मी नालायक.

टेबलावरचं पुडकं मी उघडलंच नाही. घर गप्प होतं. राहू दे म्हटलं, हीच शिक्षा.

जूनमध्ये क्लबने कळवलं, स्टँड पाडायचाय, ज्याला आपली खुर्ची हवी त्याने येऊन काढून न्यावी. मी पाना घेऊन गेलो. स्टँडमध्ये फक्त एनिड होती, चव्वेचाळीसच्या गंजलेल्या बोल्टशी झटत.

"आण तो पाना इकडे," ती म्हणाली. "बसचा मेकॅनिक म्हणवतोस ना?"

मी दोन्ही खुर्च्या सोडवल्या. ती पायरीवर बसून थर्मास उघडत होती. माझ्याने राहवलं नाही.

"एनिड, रेडिओवाल्यांची चूक नव्हती. माझे सेल गेले होते. पंचाहत्तराव्या मिनिटालाच. मला काही ऐकू येत नव्हतं. मी नुसतं म्हणत होतो."

तिने झाकणात चहा ओतला, अर्धाच, आणि माझ्यापुढे धरला.

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"अरे, एकोणीस वर्षं ती खरखर माझ्या उजव्या कानाशी आहे. बंद पडली तर मला नाही का कळणार?"

मी झाकण पायरीवर ठेवलं. "मग बोलली का नाहीस? तिथल्या तिथे का नाही ओरडलीस, हा माणूस खोटं बोलतोय म्हणून?"

"सांगणार होते. तोंड उघडलंही होतं." ती खालच्या मैदानाकडे बघत होती. "पण तू असा बसला होतास ना सिरिल, ताठ. सगळे साहेब साहेब करत होते. मार्जरी गेल्यापासून तुला मी असं पाहिलंच नव्हतं. म्हटलं, वेक्सकोमचं काय, ते कसले बरोबरी करतात. राहू दे त्याला दोन मिनिटं."

मी रडलो. साठी उलटलेला माणूस, हातात पाना, त्या रिकाम्या स्टँडमध्ये हमसून रडलो. तिने पेपरमिंटची पुडी माझ्या मांडीवर ठेवली.

निघताना ती म्हणाली, "माझीही खुर्ची तूच ठेव. लेकीच्या घरी कुठे ठेवू? गुरुवारी निघतेय मी."

"फोन करशील?"

"तू उचलशील का?"

"घरीच तर असतो मी."

तिने केला एकदा, पोचल्यावर. मग एकदा तिच्या लेकीने केला, ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि सांगितलं की आई झोपेतच गेली, त्रास झाला नाही. "कळवलंस, बरं केलंस," म्हणालो.

नव्या मोसमाच्या पहिल्या शनिवारी ब्रॅकनशॉ बाहेरगावी खेळत होतं, खालच्या लीगमध्ये. दोन्ही खुर्च्या मी मागच्या अंगणात शेजारी शेजारी मांडल्या. पुडकं उघडून नवे सेल घातले. एरियल कपडे वाळत घालायच्या खांबाला टेकवली, आवाज खणखणीत लागला. चहा झाकणात ओतला, अर्धा. पावणेपाचला निकाल सांगायला सुरुवात झाली. खालच्या लीगचे निकाल अगदी शेवटी, घाईघाईत सांगतात. मी कान देऊन ऐकलं, आणि खात्री झाल्यावरच डावीकडे वळून सांगितलं.

"दोन-एक, एनिडबाई. आपण जिंकलो. खरंच जिंकलो."