चोवीस कुंड्यांवरचा चोथा

सोमवार, सकाळचे साडेनऊ. ऑफिसची गच्ची. चोवीस कुंड्यांतली लिंबाची चोवीस झाडं वाळलेली आढळली. घटनेच्या वेळी मी जागेवरच होतो, चोवीसही कुंड्यांत. मी कॉफीचा चोथा. माझा जबाब कुणी घेतला नाही, म्हणून आपणहून देतोय.

माझा जन्म चौथ्या मजल्यावरच्या मशीनमधला. उकळतं पाणी अंगावरून गेलं की वास, चव सगळं कपात जातं आणि मी मागे उरतो. पूर्वी मी थेट कचऱ्यात जायचो. तिथून मला माळीकाकांनी बाहेर काढलं. ते मला जुन्या वर्तमानपत्रांवर वाळवायचे, पालापाचोळ्यात मिसळून पिंपात तीन महिने कुजवायचे आणि मग कुठे मूठभर मातीत कालवायचे. ही झाडं त्यांनी बियांपासून वाढवली होती. पाच वर्षांनी यंदा पहिल्यांदा फुलं आली होती.

"काका, एवढी थेरं कशाला? ओता की थेट," कॉफी देणाऱ्या मावशी म्हणायच्या.

"मावशी, भाकरी भाजून खाता की पीठच फाकता?"

मग काकांना नात झाली. लेकीकडे जायला त्यांनी बारा दिवसांची रजा घेतली. निघताना शिपाईदादांना बजावलं, "दिवसाआड पाणी. मातीत बोट घालून बघा. आत कोरडं लागलं की द्या."

त्याच आठवड्यात ऑफिस सांभाळणाऱ्या मॅडमनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला: चोथा घाला, झाड वाढवा. लगेच फर्मान सुटलं. प्रत्येक विभागाला कुंड्या वाटून दिल्या. जो जास्त चोथा घालेल त्याचं नाव फलकावर. लोक गरज नसताना कॉफी प्यायला लागले. मी गरमागरम, ओलागच्च, गाळणीच्या कागदासकट थापला जाऊ लागलो. रोज नवा थर.

शिपाईदादा झारी घेऊन यायचे. वाकून बघायचे. "अरे, ओलंच आहे की!" म्हणून परत फिरायचे. बोट कुणी घातलं नाही.

ओला मी होतो हो! माती नव्हती. खालचे माझे थर वाळून झाकणासारखे घट्ट बसले होते, आणि त्यांच्याखाली माती भेगाळत होती. मला हलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. माझा काळा ओलसर रंगच माझ्याविरुद्ध खोटं बोलत होता. आठव्या दिवशी फुलं गळली. मॅडम खूश होत्या. "बघा, खत लागू पडतंय. जुनं टाकतंय झाड."

सोमवारी काका आले. पहिल्याच कुंडीत बोट घातलं. ते आत शिरेना. खुरप्याने मला उचकटलं, तर खाली माती पिठासारखी भुरभुरली. एकेका खोडाला ते नखाने खरवडत गेले. सातव्या झाडाची साल आतून हिरवी निघाली.

"मॅडम, हे जगेल. आठ दिवस द्या."

"काका, झाडं तुमची जबाबदारी होती ना?"

"मी रजेवर होतो."

"मग नीट सांगून जायचं."

शिपाईदादा आपल्या चपलांकडे बघत उभे राहिले. त्यांनाही घरदार आहे. मॅडमनी अहवाल तिथेच वाचून दाखवला: माळ्याच्या हलगर्जीमुळे नुकसान. काकांचं ओळखपत्र काढून घेतलं. सातव्या कुंडीवरचं झाकण उचकटायलाही त्यांना थांबू दिलं नाही.

वाचणाऱ्यांनो, मला नावाजू नका, शिव्याही देऊ नका. कुणीतरी गच्चीवर या आणि मला त्या सातव्या कुंडीवरून बाजूला करा. मला ते जमत नाही.

काकांना काढल्याला आज अकरावा दिवस. अहवालात एक रकाना आहे: रजेच्या काळात पाण्याची देखरेख कोणाकडे होती? तो कोरा आहे. खाली मॅडमची सही आहे.